सटवातात्यांची पांढरी

सटवातात्या खापर चाटतात.

रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेले असतात, मध्येच थबकतात, वाकतात, मातीतून एक तुकडा उचलतात, धोतराच्या सोग्याला पुसतात आणि जिभेच्या शेंड्याला लावतात. मग डोळे मिटून उभे. मागून एसटी हॉर्न देत असते, मेंढरं रस्ताभर पांगलेली असतात, ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून तात्यांच्या आईवडिलांची विचारपूस करत असतो. तात्यांना त्याचं काही नसतं. निकाल लागल्याशिवाय ते हलत नाहीत. "जिभंला धरतंय," ते शेवटी म्हणतात. "लई जुनं हाय." आणि तुकडा बंडीच्या खिशात जातो. धरलं नाही तर "कालचं हाय" म्हणून फेकून देतात. कालचं म्हणजे निजामाच्या वेळचं.

मी त्यांचा शेजारी. शिरूर कासार तालुक्यातल्या या गावात प्राथमिक शाळेवर आलो तेव्हा दोन वर्षांत बदली होईल असं धरून चाललो होतो. त्याला अठरा वर्षं झाली. बदलीचा अर्ज अजून दरवर्षी करतो, पण आता तो दाढी केल्यासारखा करतो, त्यात मन नसतं. दसरा झाला की मुकादम येतो आणि निम्मं गाव त्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघून जातं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं चढतं, आणि दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या रिकाम्या वर्गापुढे हजेरी घेतो. गेलेल्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहितो. उन्हाळ्यात ती लेकरं परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात, आणि मी पुन्हा दोनापासून सुरुवात करतो. अशा माणसाला संध्याकाळी खोलीबाहेर खुर्ची टाकून गप्प बसावंसं वाटतं. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर तात्यांचं अंगण आहे, आणि तात्यांना गप्प बसता येत नाही.

त्यांच्या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी आहे पांढरी. गावाच्या उगवतीला एक टेकाड आहे, माती राखेसारखी भुरकट आणि मऊ, म्हणून तिला पांढरी म्हणायचं. कोणे एके काळी तिथं वस्ती होती आणि ती उठली, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक करून घ्यायचं नाही. कारण पांढरीचा उपयोग दुसराच आहे. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची, म्हणजे वर लाकडं आणि लाकडांवर माती. पांढरीची माती वर पसरून ठोकली की घर गळत नाही. त्यामुळं उन्हाळा सरत आला की बाया टोपली-खोरं घेऊन टेकाडावर जातात आणि माती घेऊन येतात. त्यांच्या सासवांनी हेच केलं, त्यांच्या सासवांनीही.

"अर्धी पांढरी आपल्या डोक्यावर हाय, गुरजी," तात्या माळवदाकडे बोट दाखवून सांगतात. "त्या लोकांच्या चुली, त्यांची गाडगी, समदं वर. आन आपुन खाली झोपतो."

बायांना माती नेऊ नका म्हणायची सोय नाही, घर तर त्यांचंही गळतं. मग तात्यांनी मधला मार्ग काढला. मेंढरं पांढरीच्या पायथ्याला सोडायची आणि आपण गव्हाची चाळण घेऊन वर बसायचं. प्रत्येक टोपली त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय खाली उतरत नाही. एका बाईनं एकदा वैतागून विचारलं, "तात्या, आभाळ भरून आलंय, घर उघडं पडलंय, आन तुमी चाळीत बसलाव. कावून तरास देताव आमाला?" तात्या शांतपणे म्हणाले, "बाई, तू मान्सांच्या घरातली माती नेऊ राहिलीस. त्यांचं काय ऱ्हायलं आसंल तर देऊन तर टाकू." त्या टोपलीत एक शंखाचा मणी निघाला. तो त्यांनी बाईला दाखवला, तिनं तो गळ्याजवळ धरून पाहिला, आणि पुढच्या टोपल्या ती स्वतःहून पुढे करू लागली.

खड्डा दिसला की तात्या हजर. विहीर असो, विजेचा खांब असो, कुणाच्या मयताला माती द्यायची असो. मयताच्या वेळी तरी त्यांनी खाली बघू नये असं मला वाटायचं, पण तेही आता वाटेनासं झालं. सरकारची संडासाची योजना आली तेव्हा गावभर दारोदार शोषखड्डे खोदले गेले. गावकरी योजनेच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तात्या मात्र घरोघरी जाऊन प्रत्येक खड्ड्यात उतरत होते. "सरकारला बी कळतंय म्हनायचं," ते मला म्हणाले. "यवढं खोदकाम कोन करतंय आजकाल?"

फाट्यावरच्या हॉटेलवाल्या दगडूनं एकदा त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फुटलेल्या कपाची कड घासून बोथट केली, आठवडाभर राखेत पुरली, मातीत लोळवली, आणि चार गिऱ्हाइकांसमोर तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी पुसली, जिभेला लावली, डोळे मिटले. गिऱ्हाइकं बाकावरून पुढं सरकली. "दगडू," तात्या म्हणाले, "ह्या लोकायचं राज्य बुडालं त्ये कावून बुडालं, आत्ता कळलं. च्यात साखरच घालीत नव्हते." दगडूनं पुढं आठ दिवस त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

पाचवीच्या पुस्तकातला सिंधूकाठच्या शहरांचा धडा मी त्यांना एका संध्याकाळी वाचून दाखवला. चूक माझीच. सरळ रस्ते, पक्क्या विटा, गटारं, आणि मग एके दिवशी सगळं ओस.

"मग गेले कुटं?" तात्यांनी विचारलं.

"कुणालाच नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं नदी आटली, कुणी म्हणतं पाऊस हटला. मोठंमोठे लोक अजून शोधतायत."

तात्या तंबाखू मळायचे थांबले. "पानी आटलं न? मग मुकादम आला आसंल. गेले उसाला."

"तात्या, तेव्हा कुठला ऊस?"

"मग दुसऱ्या कशाला गेले आस्तील. पर कामाला गेले. मान्सं काय हवंत इरघळत्यात का?"

त्या शहरांत सापडलेल्या शिक्क्यांवर बैल कोरलेला असतो आणि वर काही अक्षरं असतात, ती आजवर कुणालाही वाचता आलेली नाहीत, हेही मी सांगून बसलो. तात्यांना त्यातही काही अवघड वाटलं नाही. "जनावर कोनाचं त्याची खूण आसंल. मपल्या मेंढरांच्या कानाला मी कातर मारतो, ती कोनाला वाचाया येती? मला येती आन त्या मेंढराला येती." मी त्या शिक्क्यांवर नंतर दोनतीन जाड पुस्तकं वाचली. इतकं थोडक्यात कुणी आटपलेलं नाही.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण ऐकणाऱ्याला दमवणारं होतं, आणि घरच्यांना जास्तच. तात्यांचा मुलगा अंकुश, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी, एवढंच घर. तात्या अंगणाच्या कडेला मेंढरांच्या वाघरीच्या जाळीशेजारी झोपडीवजा कोप घालून राहायचे, जेवण सुनेच्या हातचं. अंकुशला दोन खोल्या स्लॅबच्या बांधायच्या होत्या. पांढरीचा खालचा उतार तात्यांच्या वाटणीच्या रानात येतो. तो जेसीबी लावून सपाट करायचा आणि तिथं घर उठवायचं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. तात्या आडवे आले. "तितं मान्सं ऱ्हायलेली हायेत," एवढंच म्हणत राहिले.

अंकुश शेवटी आवाज न चढवता बोलला. "मेलेल्या मान्सांना जागा हाय आबा तुमच्याकडं. आमालाच न्हाई."

त्या दसऱ्यानंतर तिघं टोळीबरोबर कर्नाटकाच्या बाजूला एका कारखान्यावर गेले. हंगाम संपला, सगळी टोळी माघारी आली, हे तिघं आले नाहीत. तिकडंच वीटभट्टीवर काम धरलं असा निरोप आला. पुढचा हंगामही सरला. बाप फोन करत नाही आणि मुलगाही करत नाही. तेव्हापासून तात्यांचा प्रश्न बदलला. आधी ते पांढरीकडे बघून "इथं कोन ऱ्हात आसंल" म्हणायचे. आता म्हणायला लागले, "हे लोक गेले कसे? भांडून गेले का?" खरं सांगायचं तर मला ते ऐकायचा उत्साह नव्हता.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. तोडीला निघताना घराच्या पडवीतला पाण्याचा मोठा रांजण रिकामा करतात आणि पालथा घालून ठेवतात. आत पाल-उंदीर शिरू नये हे एक. पण गाव त्याचा अर्थ असा लावतं, की पालथा रांजण म्हणजे माणसं येणार आहेत, येऊन तो सरळ करणार आहेत. कायमचा निघालेला माणूस रांजण सरळ सोडून जातो. अंकुशच्या कुलूपबंद घराच्या पडवीत रांजण पालथा होता. हापशावरच्या बाया तो बघून म्हणायच्या, "पालथा घालून गेलेत, येत्याल की." तात्या जवळपास असले तर होकाराची मान डोलवायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात माती काढताना एका बाईचं खोरं पांढरीत कशाला तरी खटकन लागलं. तात्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, उपरण्यानं माती झाडत झाडत दुपारपर्यंत एक अख्खा रांजण मोकळा केला. मला निरोप धाडून बोलावलं. शाळेला सुट्टी होती, न जायला कारण सापडलं नाही. रांजण आडवा पडलेला होता, पोटाला भेग, तोंड मावळतीला. तात्यांनी तो चाटला नाही, हे मला विशेष वाटलं. नुसते बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज तिकडं गेलो तर रांजण त्याच खड्ड्यात व्यवस्थित पालथा होता. भोवतीची माती हातानं चेपलेली. तात्या शेजारी.

"काल आडवा होता ना, तात्या?"

"तुमाला नीट दिसलं न्हाई, गुरजी. चष्मा बदला आता."

मग त्यांनी अर्ज लिहायला लावला. पुराणवस्तूंच्या कार्यालयाला मी त्यांच्या सांगण्यावरून आजवर किती अर्ज लिहिले याची गणती मी ठेवलेली नाही. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. या वेळी मजकूर होता, 'आमच्या गावच्या पांढरीत रांजण पालथा घातलेला सापडला आहे, तरी येऊन पाहावे.' पालथा या शब्दापाशी माझा हात थांबला. तात्या शेजारी बसून माझ्या पेनाकडे बघत होते. मी लिहिलं आणि खाली सही केली. थकलेल्या माणसाला खोटं लिहिणं वाद घालण्यापेक्षा सोपं वाटतं.

या अर्जावर मात्र माणूस आलं. एका विद्यापीठातल्या मॅडम, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, डोक्याला टोपी, पिशवीत ब्रश आणि टेप. कार्यालयानं अर्ज त्यांच्याकडे पाठवला होता. अर्धं गाव पांढरीवर जमलं. मॅडमनी खाली वाकून एक तुकडा उचलला, फुंकर मारली आणि जिभेला लावला.

बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

"हाड आहे," मॅडम म्हणाल्या. "हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. आमच्यात असंच बघतात." दगडू माझ्या शेजारी उभा होता, त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. तात्यांनी कुणाकडेही बघितलं नाही, पण त्यांची पाठ एकदम सरळ झाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मॅडम रांजणापाशी आल्या. मापं घेतली, फोटो काढला. फोटोसाठी मापाची पट्टी तात्यांनी धरली. "असा पालथाच मिळाला?" मॅडमनी विचारलं. तात्यांनी मान डोलावली. मॅडम खुशीत दिसल्या. "लोक जीव घेऊन पळाले असते तर भांडी कशीही पडलेली असती. नीट रिकामं करून पालथं घातलेलं भांडं म्हणजे जाणाऱ्यांना माघारी यायचं होतं, असा अंदाज बांधता येतो. एकट्या भांड्यावरून पक्कं नाही म्हणता येणार, पण मी तसं लिहिणार."

"भांडून गेले आस्तील तर?" तात्यांनी विचारलं.

"भांडण मातीत दिसत नाही हो, तात्या."

त्या वहीत लिहायला लागल्या. मी तात्यांकडे बघत होतो. इतकी वर्षं ज्यासाठी माणसानं टोपल्या चाळल्या ते एक शिकलेलं माणूस कागदावर उतरवत होतं, आणि तात्यांचा चेहरा पडत चालला होता.

"म्याडम, खोडा त्ये," ते म्हणाले.

"काय झालं?"

"आडवा व्हता. मी पालथा घातला. गुरजींनी बघितलंय."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती ती ओळ खोडली. "जागेवरून हलवलं की भांडं काही सांगत नाही, तात्या. तुम्ही हलवायला नको होता." नंतर त्या बरंच चांगलं बोलल्या. पांढरी खरोखर फार जुनी आहे, कार्यालयाला मी कळवते, तोवर इथली माती नेऊ देऊ नका, सगळं बोलल्या. तात्या हातात पट्टी धरून उभे होते. शेवटी मॅडमनाच ती मागून घ्यावी लागली.

परतताना मी तात्यांना बोललो. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला असेन. "अर्जावर सही माझी आहे. शाळेचा मास्तर खोटे अर्ज लिहितो असं झालं. खोटंच बोलायचं होतं तर शेवटपर्यंत तरी बोलायचं."

तात्या चालत राहिले. अंकुशच्या घरासमोर थांबले. पडवीतल्या रांजणाकडे हात केला.

"गुरजी, ह्यो बी सरळच व्हता."

"म्हणजे?"

"ट्राली गेली तवा मी मेंढराकडं गेलतो. येऊन बघतो तर रांजन सरळ. तोंडापत्तर पानी भरलेला, वर फडकं बांधलेलं. म्हनलं, झालं. हे काय आता येत न्हाईत. सुनंनं सांगून टाकलं आपल्याला. मग गावानं बघायच्या आत उपसला आन पालथा घातला." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "समद्या बाया म्हनत्यात येत्याल, येत्याल. मला बी खरं वाटाया लागलं व्हतं. आज त्या म्याडम लिवाया लागल्या तवा मनात आलं, आपुनच पालथं घालायचं आन आपुनच वाचायचं. ह्याला काय अर्थ हाय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला ती सकाळ आठवली. मी खोलीबाहेर दात घासत उभा होतो. दारात ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर ओरडत होता, अंकुश सामान बांधत होता, आणि त्याची बायको हापशावरून एकामागून एक घागरी आणत होती. पोरगी तिच्या मागं रडत पळत होती. निघायच्या घाईत ही कसलं पाणी भरतेय, असं तेव्हा मनात आलं होतं. मग मी चूळ भरून आत गेलो होतो.

ते सगळं मी तात्यांना सांगितलं. "कायमची निघालेली बाई इतक्या खेपा कशाला घालील, तात्या? घरात मागं प्यायला राहणार होतं कोण?"

तात्यांनी रांजणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रांजणाकडे. हळूच पडवीच्या पायरीवर टेकले. रस्त्यानं कुणीतरी राम राम घातला, तो त्यांना ऐकू गेला नाही.

"आठ दीस पुरलं आसतं मला," ते म्हणाले. "मी सांडलं, गुरजी."